जोडीनं द्यायची तोंडी

इंग्रजी व्याकरणातला नियम न् नियम कोकिळाला पाठ होता, भूमिकाला एकही धड सांगता येत नव्हता, आणि तरी टाळ्या पडल्या त्या भूमिकाला.

शाळेच्या स्नेहसंमेलनात हे झालं. अमळनेरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत कोकिळा नववी-दहावीला इंग्रजी शिकवायची. निवेदन करणारी मुलगी ऐन वेळी तापानं आडवी पडली आणि सगळ्यांच्या माना कोकिळामॅडमकडे वळल्या. फळ्यापाशी खडू घेऊन उभं राहणं वेगळं आणि माइकपुढं, चारचौघांत, मनातून इंग्रजी काढून बोलणं वेगळं. तेवढ्यात पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून तिची धाकटी जाऊ भूमिका उठून आली. "ताई, मी करू का?" म्हणाली आणि हातात साधा कागदसुद्धा न घेता तिनं अख्खा कार्यक्रम उचलून नेला. मध्येच वीज गेली तेव्हा अंधारात ती काहीतरी गमतीचं बोलली आणि सगळा मांडव हसला.

संस्थेचे अध्यक्ष रतिलालशेठ नंतर पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. "कोकिळाबाई, ही तुमची जाऊ? अहो, मग इतके दिवस लपवून का ठेवली?"

"लपवते कुठं शेठ, घरातच आहे," कोकिळा हसून म्हणाली. हसताना तिचे गाल दुखले.

कोकिळाचं माहेर दोंडाईचाजवळच्या खेड्यातलं. घरात सगळी अहिराणी. इंग्रजी तिच्या कानावर पहिल्यांदा पडली ती शाळेत, आणि तीही मास्तरांच्या अहिराणी हेलातली. पुढं धुळ्याला बी.एड. करताना तिनं ती भाषा शेंगा फोडून दाणे काढावेत तशी एकेक करून जमवली. कुठल्या क्रियापदापुढं कुठलं शब्दयोगी अव्यय येतं, 'हॅड' कुठं आणि 'वुड हॅव' कुठं, सगळं दाणा न् दाणा निवडलेलं. भूमिका वाढली भुसावळजवळच्या दीपनगरच्या कॉलनीत. वडील वीज केंद्रात, शेजारी बंगाली, वरच्या मजल्यावर तमिळ. पोरं खेळायचीच इंग्रजीत. तिला इंग्रजी शिकावी लागली नाही. लहानपणी गोवर यावा तशी येऊन गेली.

घरात बसून भाकऱ्या थापता थापता कोकिळा तिला विचारायची, "'स्ट्राँग टी' म्हणतात, मग पावसाला 'स्ट्राँग रेन' का नाही?"

"'हेवी रेन' ना, ताई."

"हो, पण का?"

"का म्हणजे? असंच म्हणतात."

हे 'असंच म्हणतात' कोकिळाच्या कानाला लागायचं. तिनं रात्रीचा दिवस करून मिळवलेलं उत्तर समोरची खांदे उडवून देते, आणि ते बरोबर असतं!

आणखी एक गोष्ट होती, ती जास्त खोल होती. आदल्या वर्षी कोकिळानं प्रगत इंग्रजीची एक मोठी परीक्षा दिली होती. लेखीत उत्तम गुण, तोंडीत नापास. कारण एक अक्षर. अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात, आणि मन तापलं की ते 'शे' कोकिळाच्या जिभेवर उडी मारून यायचं. परीक्षकानं घरच्यांविषयी विचारलं. कोकिळा म्हणाली, "माय हजबंड शे अ मेकॅनिक."

परीक्षकाला ते इंग्रजीतलं 'शी' वाटलं. भुवया चढवून म्हणाला, "शी?"

"नो, नो," कोकिळा घाईघाईनं म्हणाली, "ही शे!"

त्यानंतर तिच्या तोंडचे शब्द जे पळाले ते परतच आले नाहीत.

घरी तिचा नवरा हितेंद्र, एसटीच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक, पोट धरून हसला आणि अहिराणीत म्हणाला, "मी 'ही' का 'शी', ते एकदाचं ठरव बाई. डेपोत सांगायला बरं." सगळे हसले. नुकतंच लग्न होऊन आलेली भूमिकाही तोंडात पदर कोंबून हसली. सगळ्यांचं हसणं कोकिळा विसरली. भूमिकाचं नाही.

स्नेहसंमेलनानंतर रतिलालशेठांनी दोघींनाही ऑफिसात बोलावलं. पालक विचारतात, शिक्षकांकडं कुठलं प्रमाणपत्र आहे, असं म्हणाले. नववी-दहावीला आता तीच प्रगत परीक्षा पास झालेली बाई हवी. "कोकिळाबाई, तुम्ही परत द्या. भूमिकाबाई, तुम्हीपण द्या. जूनपर्यंत जिच्या हातात प्रमाणपत्र, तिचा वर्ग. दोघींच्या हातात असलं तर जिची श्रेणी वरची तिचा. यात घरचं-बाहेरचं काही नाही, हां."

"बघते," भूमिका म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी तिनं फॉर्म भरला.

नववी-दहावीचा तो वर्ग कोकिळाला जिवापाड प्रिय होता. तिथं ती घरातली मोठी सून नव्हती, कुणाची वहिनी नव्हती. तिथं ती कोकिळामॅडम होती आणि अख्ख्या घरात दुसरं कुणी करू शकत नव्हतं असं काहीतरी करत होती. आता घरात दुसरं कुणी होतं.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर सासरे चुडामण आबांनी विषय काढला. आबा जन्माचे कीर्तनवेडे. गावात कुठंही कीर्तन असलं की टाळ घेऊन मागं उभे. "तोंडी कशी असते वं ती?" त्यांनी विचारलं.

"जोडीनं असते आबा," भूमिकानं सांगितलं. "दोघांना एक कार्ड देतात. त्यावरच्या विषयावर एकमेकांशी बोलायचं. परीक्षक फक्त ऐकतात. आपण आपली जोडी घेऊन गेलो तरी चालतं."

"म्हणजे हे आमच्यासारखंच शे!" आबा खूश झाले. "महाराजांनी चरण म्हणला, की झीलकऱ्यांनी मागून उचलायचा. महाराज कितीही मोठे असू द्या, झील नाही उचलली तर कीर्तन उभं राहत नाही. मंग दोन्ही सुना मिळूनच जा ना. घरची जोडी!"

"माझी काही हरकत नाही," भूमिका म्हणाली.

सगळे कोकिळाकडं बघत होते. नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि जे होतं ते ताटावर बसून सांगण्यासारखं नव्हतं. "बरं," ती म्हणाली. मनात म्हणाली, झीलकरी मीच असणार. महाराज कोण, ते सांगायला नको.

मग रोज दुपारी दोघींचा सराव सुरू झाला. सासूबाई, यशोदाबाई, बाजूला बसून मेथी निवडायच्या आणि अधूनमधून विचारायच्या, "काय बोली ऱ्हायन्यात वं दोन्ही?" दोघींपैकी कुणीतरी सांगायचं, शाळेचं.

एके दिवशी पुस्तकातला शब्दांचा पाठ आला. मित्राच्या नव्या ट्रॅक्टरकडं बघून माणसाला काय वाटलं, 'एन्व्हियस' का 'जेलस'?

"दोन्ही चालतं ना," भूमिका म्हणाली.

"बोलताना चालतं. पुस्तकाला नाही चालत." कोकिळाला बरं वाटलं, इथं ती वरच्या पायरीवर होती. "दुसऱ्याकडचं आपल्याला हवंसं वाटलं तर एन्व्हियस. आपल्याकडचं दुसरा घेऊन जाईल अशी भीती वाटली तर जेलस. हेवा आणि... दुसऱ्याला मराठीत बरोबर शब्द नाही. मुलांना मी मत्सर सांगते."

"किती छान सांगता तुम्ही, ताई," भूमिका मनापासून म्हणाली. "मला हे कुणी सांगितलंच नव्हतं."

कोकिळाला त्या कौतुकाचाही राग आला. हिला कौतुकसुद्धा परवडतं!

त्या दुपारीही तिनं एक गोष्ट सांगायची टाळली. भूमिकाची एक सवय होती. ती 'डिस्कस'पुढं 'अबाउट' लावायची. 'लेट अस डिस्कस अबाउट इट.' आपल्याकडं निम्मं जग असं बोलतं, पण व्याकरणात ते चूक. 'डिस्कस'मध्येच 'विषयी' आलेलं असतं. कोकिळाच्या कानाला ते पहिल्याच दिवशी खडा लागावा तसं लागलं होतं. भूमिका तिचं 'शे' सुधारत होती. ते आलं की हळूच टेबलावर बोट वाजवायची, हसायची नाही. आणि कोकिळा 'अबाउट' ऐकत होती आणि गप्प बसत होती. आज सांगू, उद्या सांगू. मग तिच्या लक्षात आलं, की आपल्याला सांगायचंच नाहीये. लक्षात आल्यावरही तिनं सांगितलं नाही.

चैत्रात पेठेतल्या मंदिरात सप्ताह बसला. त्यातलं एक कीर्तन कमलताईंचं होतं. बारीक चणीच्या बाई, पण आवाज असा, की मृदंगाला जपून वाजावं लागायचं. आबांनी कोकिळासाठी पुढच्या चटईवर जागा धरली होती. भूमिका मागून आली आणि जिथं जागा मिळाली तिथं बसली.

कमलताईंनी त्या दिवशी सहा रिपू घेतले. "काम, क्रोध, लोभ, मोह, मद," बोटांवर मोजत त्या म्हणाल्या, "हे पाच जण पुढंच बसतात. गोंधळ घालतात, दिसतात. आपण त्यांना हाकलूही शकतो. सहावा कुठं बसतो माहितीये? तिकडं, मागच्या खांबाला टेकून. एकदम गप्प. सगळं कीर्तन ऐकतो. माना डोलावतो. त्याला तुमचं काही नको असतं बरं का, माउली! त्याचं लक्ष एवढंच, की शेजारणीच्या द्रोणात शिरा जास्त पडला का!"

मांडव खदखदून हसला. कोकिळाही हसली. हसवता हसवता माणसाला नेमकं धरायचं, ही कीर्तनाची जुनी खुबी. जाळं दिसतच नाही. कीर्तन संपून प्रसाद हातात आला, आबांनी हात जोडले, आणि कोकिळाची नजर आपोआप गेली ती भूमिकाच्या द्रोणाकडं.

शिरा सारखाच होता. ते बघून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा वीट आला. घरी जाताना सांगून टाकू, 'अबाउट' काढ म्हणून. पण रस्त्यात हितेंद्राचा भाऊ तेजस, भूमिकाचा नवरा, भेटला आणि म्हणाला, "वहिनी, काही म्हणा, हिच्यासोबत बसून तुमचं इंग्रजी सुधारलं हां." ते सांगणं तिथंच राहिलं.

परीक्षा मे महिन्यात, जळगावला. दोघी सकाळच्या गाडीनं गेल्या. बाहेर रानं भाजून पडलेली. डब्यात कोकिळा ओठ हलवत तयार केलेलं भाषण म्हणत होती. तिनं ते पाठ केलं होतं: उलट रचनेची वाक्यं, 'नेव्हर हॅव आय' आणि 'हॅड आय नोन', सगळे दागिने घातलेलं. विषय कुठलाही आला तरी फिरवून बसवता येईल असं. भूमिका खिडकीतून बाहेर बघत होती.

एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर खोली होती. पंखा वरच्या वर गरम हवा ढवळत होता. दोन परीक्षक होत्या. एक बोलणारी, पुण्याहून आलेल्या मध्यम वयाच्या बाई. दुसरी भिंतीशी बसून फक्त लिहिणारी. कार्ड टेबलावर ठेवलं गेलं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: माणसाला जास्त अस्वस्थ काय करतं, स्वतःचं अपयश का जवळच्या माणसाचं यश? स्वतःच्या अनुभवातली उदाहरणं घेऊन एकमेकींशी बोला.

कोकिळानं श्वास घेतला आणि सुरू केलं. 'नेव्हर हॅव आय' आलं. 'नॉट ओन्ली' आलं, त्याच्यामागून 'बट ऑल्सो' आलं. एकही 'शे' नाही. तिचं तिलाच खरं वाटेना. वाक्य संपत आलं, की पुढच्याचं शेपूट ती आधीच धरत होती. मध्ये फट म्हणून ठेवली नाही. भूमिका बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची. दोनदा, तीनदा. परीक्षकबाईंनी एकदा भूमिकाकडं हात करून खुणावलं. कोकिळाला ती खूण दिसली. दिसूनही तिनं आणखी एक वाक्य घातलं, कारण भूमिकाचं ते अर्धवट उघडलेलं तोंड बघण्यात गोडी होती. खांबाला टेकलेला जो कुणी होता, त्यानं पहिल्यांदाच मनापासून मान डोलावली.

मग तिला श्वास घ्यावाच लागला.

"लेट अस डिस्कस अबाउट अ रिअल एक्झाम्पल," भूमिका म्हणाली.

'अबाउट.' कोकिळाला ते असं ऐकू आलं, जणू खोलीत काही फुटलं. भिंतीशी बसलेल्या बाईंचं पेन हललं. ही चूक भूमिकाची नव्हती. ही तिची होती, तिनं सांभाळून, रोज पाणी घालून वाढवलेली.

भूमिका पुढं बोलत होती. इंग्रजीत ती जे बोलली ते असं होतं:

"मला माझ्या जावेचा हेवा वाटतो. या घरात आले तेव्हापासून. मी बोलले की लोक टाळ्या वाजवतात. ती घरी आली की लोक विचारतात, जेवलीस का. सासूबाई काही दुखलं की तिला हाक मारतात. मला काम सांगायलासुद्धा संकोचतात, जसं मी पाहुणी आहे. कीर्तनाला सासरे तिच्यासाठी जागा धरतात. माझ्यासाठी नाही, मला ते कळणार नाही असं त्यांना वाटतं. आणि ते सगळे त्यांच्या भाषेत विनोद करतात. त्या भाषेतलं मला काहीच कळत नाही. सगळे हसले की त्यांच्या तोंडांकडं बघून मी शेवटी हसते. ते हसले म्हणून मी हसते, आणि तिला वाटतं मी तिला हसते."

कोकिळाच्या डोक्यातला व्याकरणाचा मास्तर अजून जागा होता. त्यानं टिपलं, 'एन्व्हियस ऑफ', बरोबर आहे. मग तो गप्प झाला. पाठ केलेलं भाषण शोधायला ती आत गेली तर तिथं काही नव्हतं.

"नो," ती म्हणाली. "यू आर एन्व्हियस. आय अ‍ॅम नॉट एन्व्हियस. आय अ‍ॅम जेलस."

परीक्षकबाई पुढं झुकल्या.

कोकिळा तुटक इंग्रजीत बोलू लागली. दागिना एकही नाही, सगळी लहान लहान वाक्यं. तुला माझं हवं आहे. मला तुझं काही नको. मला भीती आहे. माझ्याकडं एकच गोष्ट होती, जी त्या घरात कुणाकडं नव्हती. ती मी दाणा दाणा वेचून जमवली. तू पोतं भरून आणलंस आणि माझ्या सुपाशेजारी ठेवलंस. तू वाईट नाहीस, म्हणून जास्त त्रास होतो. वाईट असतीस तर सोपं झालं असतं. "अँड दॅट क्लास," ती म्हणाली, आणि आवाज चिरकला, "दॅट क्लास शे माइन!"

'शे' बाहेर पडलेलं तिला कळलं. तिनं ते परत घेतलं नाही. भूमिकानं टेबलावर बोट वाजवलं नाही.

"येस," भूमिकानं लगेच उचललं. "इट इज. बट आय वाँट इट टू. कॅन बोथ बी ट्रू?"

"बोथ आर ट्रू," कोकिळा म्हणाली. "दॅट इज द प्रॉब्लेम."

आणि मग ते चाललं. एकीनं टाकलं की दुसरी उचलत होती, दुसरीनं सोडलं की पहिली. कोण महाराज आणि कोण झीलकरी, हे आबा तिथं असते तरी त्यांना सांगता आलं नसतं. दोघी एकमेकींना बोलत होत्या, टोचत होत्या, एकदा तर चक्क हसल्या. परीक्षकबाईंनी "थँक यू, दॅट इज द एंड ऑफ द टेस्ट" म्हटलं तेव्हा दोघींनी त्यांच्याकडं असं बघितलं, की या कोण आणि घरात कशा आल्या.

बाहेर रणरण ऊन होतं. स्टेशनाजवळ त्यांनी उसाचा रस घेतला.

"बर्फ कमी टाका हो," भूमिका रसवाल्याला म्हणाली.

"आलं घाल थोडं," कोकिळा म्हणाली.

मराठीत यापेक्षा जास्त काही निघेना. जे इंग्रजीत परक्या बाईंसमोर धडाधड बोलून झालं होतं, ते आपल्या भाषेत उच्चारायला दोघींचीही जीभ उचलत नव्हती. गाडी सुटल्यावर कोकिळानं बळेच विषय काढला.

"'डिस्कस'नंतर 'अबाउट' येत नाही."

भूमिका वळली. "हो? कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"म्हणजे तुम्हाला सरावातच माहीत होतं?"

"हो."

पाळधी गेलं, धरणगाव गेलं. भूमिका खिडकीबाहेर बघत राहिली. अमळनेर जवळ आलं तेव्हा पिशवी उचलत म्हणाली, "बरं झालं आता सांगितलंत." त्यातला 'आता' कोकिळा घरापर्यंत वागवत आली.

निकाल जूनच्या आरंभी लागला. दोघी पास. भूमिकाला 'बी', कोकिळाला 'सी'. व्याकरण आणि शब्द यांत कोकिळा पुढं होती. जोडीदाराशी संवाद या रकान्यात तिचे गुण घसरले होते. सुरुवातीला समोरच्याला बोलू न दिल्याचे. आबांनी पेढे आणले. हितेंद्र म्हणाला, "पास ते पास. आता मी ऑफिशियली 'ही' झालो."

कोकिळा हसली. मग आत जाऊन तिनं तोंड धुतलं, आणि परत एकदा धुतलं.

रतिलालशेठ अवघडून बसले होते. "कोकिळाबाई, नियम मीच केला ना. आता मीच कसा मोडू? पाचवी-सहावी तुम्ही घ्या. पायाच पक्का हवा, नाही का?"

"हो शेठ," कोकिळा म्हणाली. शेजारी भूमिका बसली होती. ती 'नको, ताईंनाच द्या' असं म्हणाली नाही. ती म्हणाली, "थँक यू, सर." कोकिळाला तिचा राग आला, आणि त्याच वेळी असंही वाटलं, की ती 'नको' म्हणाली असती तर आपण तिला आयुष्यभर माफ केलं नसतं.

शाळा सुरू झाली त्या संध्याकाळी कोकिळा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापत होती. यशोदाबाई दुसऱ्या शेगडीवर भरताची वांगी भाजत होत्या. पाचवीची पोरं दिवसभर 'मे आय गो' करून तिचा जीव खाऊन गेली होती. भूमिका शाळेतून आली, हातपाय धुतले आणि ओट्याशी येऊन उभी राहिली. वेणी सोडत, बांधत राहिली. मराठीत विचारलं असतं तर 'छे गं, राग कसला' असं उत्तर ठरलेलं होतं. ते दोघींना ठाऊक होतं. म्हणून तिनं इंग्रजीत विचारलं.

"ताई, आर यू अँग्री विथ मी?"

"आय वुड रादर यू हॅडन्ट टेकन इट," कोकिळा म्हणाली.

तू तो वर्ग घेतला नसतास तर मला बरं वाटलं असतं. 'वुड रादर'नंतर माणूस दुसरा असला आणि गोष्ट होऊन गेलेली असली की क्रियापदाला आणखी एक पाऊल मागं जावं लागतं. दहावीच्या पोरांच्या गळी हे उतरवताना दरवर्षी तिचा घसा बसायचा. आज ते भाकरीचं पीठ मळता मळता, न शोधता, बरोबर जागी येऊन बसलं.

"आय नो," भूमिका म्हणाली. माफी मागितली नाही, वर्ग परत देते म्हणाली नाही. तिथंच उभी राहिली.

"काय बोली ऱ्हायन्यात वं दोन्ही?" यशोदाबाईंनी विचारलं.

शाळेचं, असं कोकिळाच्या तोंडाशी आलं. पण तिनं भाकरी तव्यावर टाकली, हाताला लागलेलं पीठ झटकलं आणि सासूकडं बघून अहिराणीत म्हणाली, "मना पोटमा दुखी ऱ्हायनं, आई."

यशोदाबाईंनी वांगं फिरवलं. मोठ्या सुनेकडं बघितलं, मग धाकटीकडं बघितलं, मग परत मोठीकडं.

"मंग ओवा खाय," शेवटी म्हणाल्या. "मनी देरानीनी शिलाई मशीन लयी व्हती, तवय माले बी असंच दुखे."

"काय म्हणाल्या?" भूमिकानं विचारलं.

"त्यांच्या जावेनं शिलाई मशीन आणली होती," कोकिळा तव्याकडं बघत म्हणाली, "तेव्हा त्यांच्याही पोटात दुखायचं म्हणे. ओवा खा म्हणतात."

भूमिकाला हसू यायला जरा वेळ लागला. मग तिनं मांडणीवरचे डबे एकेक उघडून बघितले. कशात काय असतं ते तिला अजून माहीत नव्हतं. "वरचा, वरचा," यशोदाबाई म्हणाल्या. ओव्याचा डबा सापडला. तिनं चिमूटभर ओवा कोकिळाच्या पिठाळ तळहातावर ठेवला, आणि डबा बंद करायच्या आधी चिमूटभर आपल्याही तोंडात टाकला.